पाय आपटू नका, काकू

—मुद्दाम बंद केलं होतं मी ते गाणं, मुद्दाम! सांग खाली जाऊन मालकीणबाईंना. गुरुवारी वर्ग चालू असताना गाणं बंद पडलं आणि बाईंना पत्ताच नाही, बाई आपल्या उड्या मारताहेत — असंच सांगितलंय ना त्यांनी तुला? अगं, नवीन प्रकार आहे तो. गाण्याशिवाय व्यायाम. माणसाला स्वतःचा श्वास ऐकू यावा म्हणून. मोठमोठ्या ठिकाणी करतात आता. पण तू तिथे खिडकीत नको बसूस, नुसती सावली दिसते. इकडे ये, माझ्यासमोर, या मॅटच्या ढिगावर बस. आणि ते केस मागे बांध आधी. का म्हणजे? नियम आहे माझ्या वर्गाचा, तोंडावर केस नकोत. हां. आता कशी माणसात आलीस.

आणि माझ्यापासून काही लपवू नकोस. मालकीणबाई मला म्हणाल्या, 'एक मुलगी येईल, मागे उभी राहून बघेल, तिला शिकायचंय.' शिकायचंय म्हणे! तुझे खांदे बघूनच कळतं, तू चांगली तयार झालेली आहेस. आल्या आल्या तू स्पीकर कुठे, आरसा कुठवर, प्लग कुठे, सगळं नजरेनं मोजून घेतलंस. शिकाऊ पोरगी आधी घड्याळ बघते, कधी सुटतोय म्हणून. तू माझ्या जागेवर आली आहेस. आज वर्ग संपला की खाली जायचं आणि सांगायचं, बाईंना ऐकू येतं की नाही. येत असेल तर ठीक, नसेल तर पुढच्या आठवड्यापासून हा वर्ग तुझा. बरोबर? — बघ, मान खाली गेली. खाली बघून बोलू नकोस गं. वर बघ. बोलणाऱ्यानं माझ्याकडे बघून बोललेलं मला आवडतं.

राग नाही तुझ्यावर. तुझंही पोट आहे. पण हा हॉल मी उभा केलाय, एवढं लक्षात ठेव. खाली फर्निचरचं दुकान, वर हे गोदाम होतं, मोडक्या पलंगांचं. मालकीणबाई म्हणाल्या, इथे कोण बाई येईल जिने चढून? मी म्हटलं, जिना चढल्यावर अर्धा व्यायाम तिथेच झाला, उरलेला मी करून घेते. आल्या बायका. बाळंतपणानंतरच्या आल्या, कंबर धरलेल्या आल्या, घरात कुणाशी बोलायला नाही म्हणून आल्या. सकाळचे दोन वर्ग, संध्याकाळचे दोन, वर पत्रा, आणि तो स्पीकर इथे, असा, माझ्या डाव्या कानाशी. आवाज वाढवा ताई, आवाज वाढवा! वाढवला. सगळ्यांनी म्हटलं म्हणून वाढवला आणि मलाही आवडायचा. छातीत धडधडायचं, पाय आपोआप उचलले जायचे. तेव्हा कुणी म्हटलं नाही की जरा कमी करा.

तर गुरुवारचं सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यात गोंधळ नको. मी बायकांकडे तोंड करून शिकवते. तुम्ही नवीन मुली आरशाकडे तोंड करता आणि बायकांकडे पाठ, माहीत आहे मला. मी उलटी. तोंडानं डावा म्हणायचं आणि उचलायचा उजवा, म्हणजे समोरच्यांना बरोबर दिसतं. इतकी सवय झालीय की घरीही तेच. आमचे हे म्हणतात, गाडीत तू मला रस्ता सांगू नकोस, आपण कुणाच्या तरी अंगणात जाऊन थांबू. तर अशी मी उभी, नजर त्यांच्या पायांवर. पुढच्या रांगेत ठप्पा-काकू — पोस्टात होत्या त्या, आयुष्यभर पाकिटांवर ठप्पे मारले, म्हणून आम्ही सगळ्या ठप्पा-काकू म्हणतो — त्या नेहमीसारख्या धाडधाड पाय आपटतायत. मागे ती नर्स, नेहमीसारखी एक पाऊल उशिरा. सगळं रीतसर. शेवटचं ताणून झालं, मी गाणं बंद करायला वळले आणि बघते तर स्पीकरचा निळा दिवा विझलेला. प्लग निघालेला. कुणाचा तरी पाय लागून कधीचाच निघालेला. मी हात ठेवला वर, तर काही थरथर नाही, गार. मी तो प्लग उचलला आणि —

काय? पुन्हा बोल. — हं. मुद्दाम बंद केलं होतं, तर प्लग कुणाच्या पायानं निघाला कसा.

हुशार आहेस. पकडलंस.

बरं. नाही येत ऐकू. घे, मिळालं तुला हवं होतं ते. डावा कान पार गेला, उजव्यात जे उरलंय त्यात भिंतीपलीकडे कुणी बोलत असल्यासारखं वाटतं. आत्ता तू बोललीस ते मी तुझ्या ओठांवरून उचललं, म्हणून तुला उजेडात बसवलं आणि केस बांधायला लावले. कसला नियम न् कसलं काय! कानातलं यंत्र म्हणतेस? आहे पर्समध्ये. घाम गेला की बंद पडतं, आणि गाण्यात घातलं तर भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखा आवाज होतो, ताल कसला ओळखतेस त्यात. घरी आमचे हे हाक मारत नाहीत आता, दिव्याचं बटण दाबतात. जेवायला एकदा, दारात कुणी आलं की दोनदा. भांडण झालं की नुसतं चालू-बंद, चालू-बंद. लेकीचा फोन आला की मी उचलत नाही, मेसेज कर म्हणते, कामात आहे म्हणते. तिला वाटतं, आईला माझ्याशी बोलायचंच नाही. — हे मालकीणबाईंना सांगू नकोस. हे माझ्या तोंडून उगाच निघून गेलं.

आणि ते डोळे तसे करू नकोस. बिचारी म्हणायचं नाही मला, सांगून ठेवते! मी काय वर्गात आंधळी कोशिंबीर खेळत होते? ही जमीन बघ, लाकडी आहे. मी अनवाणी शिकवते ती काय हौस म्हणून? गाण्याचा जो खालचा, जाड ठोका असतो तो तळपायातून वर येतो, पोटरीत लागतो. बाकीचं मला बायकांच्या पायांवरून दिसतं. ही पद्धत मला कुणी शिकवली नाही, मी शोधून काढली. दोन वर्षं चालवलं असं. दोन वर्षं! मला वाटायचं, काय मी सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतेय. स्वतःचीच पाठ थोपटायचे.

मग गुरुवारी तो प्लग हातात घेऊन मी उभी राहिले. एकही बाई माझ्याकडे बघेना. एक बूट बांधतेय, एक बाटलीचं झाकण लावतेय, लागलेलंच. मी विचारलं, कधी बंद पडलं? शेवटी ठप्पा-काकू पुढे आल्या. त्यांचं बोलणं मला पहिल्यापासून नीट कळतं, कारण त्यांचा जन्म पोस्टाच्या काचेमागे गेला, तोंड मोठं करून बोलायची सवय. त्या म्हणाल्या, दुसऱ्याच गाण्याला. दुसऱ्याच! म्हणजे जवळजवळ अख्खा वर्ग. मी म्हटलं, मग थांबला का नाहीत? तर म्हणतात, तुम्ही कुठे थांबलात?

ऐक, पुढचं ऐक. मी या बाईला वर्षभर ओरडत आले आहे. काकू, पाय आपटू नका! काकू, हलकं टेकवा, गुडघा जाईल या वयात! त्या मान डोलावायच्या, हो हो म्हणायच्या, की पुन्हा धाड. मी घरी जाऊन यांना सांगायचे, काय ठोंब बाई आहे, पोस्टात हिला कशी ठेवली होती देव जाणे. आणि गुरुवारी ही ठोंब बाई मला काय सांगते — ताई, गाणं बदललं की तुम्ही दोन पावलं चाचपडायचात. मी पाय जोरात आपटायला लागले, मग तुम्ही चुकेनात. म्हणून आपटत राहिले. असं. काही झालंच नाही अशा आवाजात — आवाज कुठला, अशा चेहऱ्यानं! मी चिडले. खूप चिडले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला, म्हटलं, तुमचे गुडघे काय फुकट आलेत? आणि तोंड फिरवून गेले बाथरूममध्ये आणि रडले. सांग, हेही सांग मालकीणबाईंना. बाई रडल्या म्हणावं. लाज वाटली म्हणून रडल्या. त्यांच्या पायांवर मी चालले होते आणि वर त्यांनाच पाय टाकायला शिकवत होते.

आता गुडघा सुजलाय काकूंचा. व्हायचं तेच झालं. शुक्रवारी नाहीत, काल नाहीत. सुनेनं मेसेज केला, डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलंय. त्या मेसेजचं उत्तर मी चारदा लिहिलं आणि चारदा पुसलं.

काय म्हणतेस? — हं. मागून कुणी ओरडलं तर? कुणी पडलं तर?

हे मात्र बरोबर विचारलंस. यावर मी काही थापा मारणार नाही. पाठीमागून कुणी ओरडलं तर मला कळायचं नाही. म्हणूनच मी पाठ करत नाही गं. एकदाही नाही. तुम्ही आरशाकडे बघता, त्यात निम्मा वेळ माणूस स्वतःलाच बघतो. मला नर्सचा चेहरा उतरलेला तिच्या आधी दिसतो. कोण रडून आलंय ते दिसतं, कोण पोटात अन्नाचा कण नसताना आलंय ते दिसतं. तुला ऐकू येतं, छान आहे, देवाची कृपा. पण तुझ्या वर्गात गाणं बंद पडलं तर काय होईल, सांग बघू? पहिल्या झटक्यात बाटल्या उघडतील, मोबाईल निघतील, आणि तू प्लगकडे धावशील. माझ्या बायका थांबल्या नाहीत. एकही नाही. तेव्हा तू खोटं बोल असं मी म्हणतच नाही. जा आणि खरं सांग. फक्त अर्धं सांगू नकोस. बाईंना ऐकू येत नाही म्हणावं, आणि गाणं बंद पडल्यावर वर्ग पूर्ण झाला म्हणावं. एका दमात सांग दोन्ही, मध्ये श्वास घेऊ नकोस. त्यांनी मधेच तोडलं तर पहिलं तेवढं राहील आणि मी घरी बसेन. आमचे हे खूश होतील, बटण दाबायला बाई दिवसभर हाताशी. नाही बसायचं मला घरी. ऐकतेस ना? नाही बसायचं.

चल, ऊठ. आल्या बायका. जमीन हलायला लागली बघ, जिन्यावर आहेत. — या, या! मॅट घ्या गं. नर्सबाई, आज पुढे यायचं, मागे लपायचं नाही. आणि हे — हे काय? काकू? अहो काकू, जिने कुणी चढायला सांगितले तुम्हाला? सुनेला सांगून आलात की न सांगता? न सांगता! आणि ही काठी? आधाराला घेतली, ठीक आहे, मग त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर — अहो, पुढे कुठे निघालात? खुर्ची पुढे कुणी ओढायला सांगितली तुम्हाला? काकू, मी ओरडेन हं. काय? मोठं तोंड करा. — काठीनं ठोकणार? पाय नाही आपटणार, काठी आपटणार? बघ, बघ हिचा आगाऊपणा! बसा. बसा तिथे. पाय त्या स्टुलावर ठेवा, उचलायचा नाही अजिबात. काठी... काठीचं बघू.

अगं, तू काय करतेस तिथे? गाणं नको लावूस. प्लग काढ. काढ म्हणते ना! हातात धर, म्हणजे खाली सांगताना विसरायला नको. आता बूट काढ. मोजेपण. इथे माझ्या मागे, आरशाला टेकून उभी रहा, तळपाय जमिनीला पूर्ण टेकव. काकू, हं, एकदा ठोका. पुन्हा. लागलं? पोटरीपर्यंत आलं की नाही? — नको, मला सांगू नकोस. तुला कुणाला सांगायचंय ते ठरव. मी आता तोंड फिरवतेय. यापुढे तू माझ्या पाठीमागे काय बोलशील ते मला ऐकू यायचं नाही. चला गं सगळ्या — काकू, हाणा — पाच, सहा, सात, आठ, आणि डावा!