करवंदांचा रस गणपतीपर्यंत

एमआयडीसीच्या रिक्षांसाठी थांबलेल्या माणसांची रांग त्या सकाळी पार पालेगावपर्यंत गेली होती. या गोष्टीत माझी भर तेवढीच, बाकीचं रांगेत कानावर पडलेलं. माझ्यापुढे ठमाबाई आणि तिच्या शेजारचा, रसाच्या कंपनीत कामाला जाणारा कल्पेश.

"कल्पेश, ही बाटली तुमच्या मशीनीत गुपचूप घाल. करवंदांचा रस हाय, माझ्या नातीसाठी, उन्नतीसाठी."

"आजी, काचेची नाय चालत. दाबाने चुरा होईल. प्लास्टिकची लागते."

"ती नाय फुटत?"

"ती जरा दबते नि परत फुगते, चहूबाजूंनी सारखाच दाब असतो ना."

"उकळता का रे?"

"अजिबात नाय. नुसत्या दाबाने जंतू मरतात, चव तशीच राहते."

"मग बरं. उन्नती उकळलेला थुंकून टाकायची. किती दिवस टिकंल?"

"फ्रिजमध्ये दीड महिना धर."

"ती गणपतीला येते म्हणाली."

"आता मे चाललाय, आजी."

"माहीत हाय."

"गेल्या गणपतीला पण येणार होती ना?"

"सुट्टी नाय मिळाली तिला. रिक्षा आली बघ, चढ."

"आणि बाटली?"

"उद्या प्लास्टिकच्या बाटलीत आणते. तू तीनदा दाब."