बुधवारची आकुआ

या मंडळी, सरकून बसा. घानातल्या कुमासी शहरातली, ओळखपत्राच्या रांगेतली गोष्ट सांगतो. सत्तरीला टेकलेल्या आकुआबाईंकडे जन्माचा दाखला नव्हता. त्या खिडकीशी पोचल्या, तसा आतला कारकून म्हणाला,

“आजी, जन्मतारखेशिवाय कार्ड नाही.”

“देश स्वतंत्र झाला, त्याच दिवशीची मी.”

“सकाळपासून तिघांनी हेच सांगितलं!”

“नावं काय रे त्यांची?”

“एक याव, दोन कोफी.”

“मेले थापाडे! जन्मवारावरून नाव ठेवतो ना आपण? याव गुरुवारचा, कोफी शुक्रवारचे. स्वातंत्र्याचा वार बघ.”

“थांबा... बुधवार.”

“आणि बुधवारी जन्मलेल्या मुलीचं नाव?”

“आकुआ! लिहितो आजी, सहा मार्च सत्तावन्न.”

रांगेनं टाळ्या पिटल्या.

“आईचंही नाव लिही, अबेना. झेंड्यापुढे नाचतानाच तिला कळा सुरू झाल्या. रविवारी प्रार्थनेत तिची आठवण काढ हो, लेकरा.”