बारा कंद, आणि हात लावायचा नाही!

...हसा, हसा! तुमचं काय जातंय? तुम्ही इथं जोयड्यात कंदमेळ्याच्या मांडवात बसून कंदाच्या फोडी हाणताय... आणि मी? तिकडं नॉर्वेत, टाळेबंदीत, माझ्या खोलीत बारा कंद, आमच्याच परड्यातले, एकेक दोन-दोन किलोचा, आणि हात लावायचा नाही! का? तर पीएचडी! विषय काय, तर जोयड्याचा कंद थंड हवेत किती दिवस टिकतो. आई म्हणाली, "टिकवायचा कशाला गे? खायाचा न्हाई काय?" आता काय सांगू तिला?

तर करोना आला, प्रयोगशाळेला कुलूप. आमचे गाइड हान्सेन सर, माणूस सहा फूट चार इंच, पण बोलणार झोपलेल्या बाळाशेजारी बसल्यासारखं... "रक्षा, कंद घरी ने. दर सोमवारी वजन कर. डाग पडला की फोटो काढ. पण हात लावायचा नाही." अहो, हात न लावता वजन कसं करायचं? विचारलं नाही. गाइडला असलं विचारायचं नसतं!

मग काय, कंदांना गारवा हवा म्हणून खिडकी सताड उघडी, मी दोन स्वेटर घालून कुडकुडतेय, रोज पाव आणि चीज, पाव आणि चीज... आणि समोर फळीवर बारा जण आरामात! सात आठवडे काढले, तुम्हाला सांगते, आणि आठव्या सोमवारी चार नंबरला डाग पडला! मी नाचले! अहो, तो डाग म्हणजेच माझी पीएचडी, कंद नासायला लागल्याशिवाय मी लिहिणार काय?

आणि नेमका तेव्हाच आईचा फोन! एरवी ती रेंजसाठी गावच्या टेकाडावर चढली तरी तासभर लागत नाही, त्या दिवशी पहिल्या झटक्यात लागला! मी आनंदानं सांगितलं, डाग पडला. ती किंचाळली, "अगो, मग बघत काय बसलीस? डाग काप, ऱ्हायलेला उकड! अन्न नासवतीस व्हय?" आणि काय सांगू... हात आपोआपच सुरीकडे गेला हो! फोटो राहिला, वजन राहिलं... मीठ-मिरची तेवढी राहिली नाही!

बरं, दोन किलो एकटी खाणार किती? आणि आमच्या घरची रीत, कंद उकडला की शेजारी वाटी गेल्याशिवाय आपण तोंड लावायचं नाही. आमच्या इमारतीत आणखी सहा बिऱ्हाडं. सहा दारांत वाट्या ठेवल्या, बेल दाबली, पळाले. वाट्या परत आल्या, धुतलेल्या, चिठ्ठ्यांसकट: "पुन्हा कधी?" अकरा कंद, आणि हात लावायचा नाही!

पुढच्या सोमवारी दहा. मग आठ. डाग दिसला की आईचा आवाज कानात, "नासवतीस व्हय?" शेवटी शेवटी तर, खोटं कशाला बोलू, डाग नसला तरी मला दिसायला लागला!

आणि एक दिवस सरांचा व्हिडिओ कॉल. "रक्षा, नमुने दाखव." मी फोन फिरवला... फळी रिकामी. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. दोन वर्षं, शिष्यवृत्ती, सगळं त्या फळीवर होतं! "डेटा कुठाय?" तेवढ्यात दारात तळमजल्यावरच्या आजी, मास्क लावून, हातात रिकामी वाटी: "फार चविष्ट होता हो!"

झालं! सरांनी शब्द टाकला म्हणून शिष्यवृत्ती वाचली, पण प्रयोग पहिल्यापासून. म्हणून आलेय कंद न्यायला. काल सरांची मेल आली: "चोवीस आण. हात लावायचा नाही. आणि दोन जादा आण, उकडायला; वाटी माझी मी आणतो." आईनं ते ऐकलं आणि माझे दोन्ही स्वेटर बाहेर काढून पिशवीत आणखी सहा कंद कोंबले!

आता तुम्हीच विचाराल, एवढं शिकून सिद्ध काय केलंस? केलंय ना! जोयड्याचा कंद थंड हवेत किती टिकतो?... आईचा फोन लागेपर्यंत!