परशराम मास्तरांची कुंदा गार पडली

…आणि वर म्हणाली काय, "पप्पा, कासवाला काय कराय लागतंय?" आता तुम्हीच सांगा! लेक नीलम नोकरीला बेंगळूरला गेली, तिथं खोलीवर कासवं चालत न्हाईत, म्हणून टिळकवाडीत बापाच्या गळ्यात बांधली… एक न्हाय, दोन! एकीचं नाव कुंदा, दुसऱ्याचं करदंट. घर हाय का मिठाईचं दुकान? आणि आमचे परशराम मास्तर, तुमास्नी सांगतो, जन्मभर हायस्कुलात पीटी शिकवलेला माणूस, शिट्टी मारली की अख्खी शाळा ताठ उभी… त्यो माणूस रिटायर होऊन काचेच्या टाकीम्होरं उकिडवा बसला आणि म्हणाय लागला, "खा की गं बाय, एक दाणा तरी खा!"

थंडी पडली की वो! करदंट निदान एक डोळा उघडतंय, कुंदा त्योबी न्हाय. फोनवर नीलम, "पप्पा, थंडीत ती सुस्त होतात, पाणी कोमट ठेवा, बल्ब लावा, बस्स!" बस्स म्हणे! पाणी तापवा, कोपर बुडवून बघा, लई गरम झालं, गार ओता, आता लई गार झालं, परत तापवा… तेवढ्यात करंट गेला! बल्ब बंद! मास्तरांनी अंगातला स्वेटर काढला आणि टाकीला घातला. बायको यशोदाबाई दारात उभ्या. "अवो, माझ्या बाळंतपणात एक तांब्या पाणी तापवून दिलं न्हाईसा." मास्तरांचं कोपर पाण्यात! कासवाला काय कराय लागतंय!

मग डॉक्टरकडं. डॉक्टर म्हशींचा. त्यानं नळी पाठीला लावली, पोटाला लावली, दोन्हीकडनं कवचच! शेवटी म्हणाला, "मास्तर, म्हैस असती तर सांगितलं असतं."

आणि रोज संध्याकाळी नीलमचा व्हिडिओ कॉल. "पप्पा, दोघं दाखवा!" आता काय दाखवणार? नवी नोकरी, परका गाव, एकटी पोर, कुंदा हालत न्हाय म्हटलं तर जेवायची न्हाय ती. मास्तरांनी करदंट उचललं. "हे बघ करदंट." फोन जरा भिताडाकडं फिरवला, परत आणला. "आणि ही कुंदा." नीलम खूष! "पप्पा, कुंदा किती फ्रेश दिसत्या! करदंटच जरा मलूल वाटतंय." फोन ठिवला. यशोदाबाई म्हणाल्या, "सांगून टाका की पोरीला." "तू सांग." "मी न्हाय बाई." झालं! आणि पोरगी म्हणत्या, कासवाला काय कराय लागतंय!

एका सकाळी कुंदा दगडासारखी गार. मान आत, पाय आत. मास्तरांनी हात लावला, हाक मारली, मग गुमान तिला मागच्या पायरीवर उन्हात ठिवली, कुदळ घेतली आणि पेरूच्या झाडाखाली खड्डा काढाय लागले. भिताडावरनं शेजारचे मारुतीराव डोकावले.

"काय मास्तर, केळ लावताय व्हय?"

"न्हाय. कुंदा गेली."

मारुतीरावांनी टोपी काढली. "अरारारा! तुमची मेव्हणी न्हवं?"

"मेव्हणी कसली! कासव वो! ती काय, पायरीवर…"

दोघांनी बघितलं. पायरी मोकळी!

कुंदा ऊन खाऊन, मान लांब काढून, जास्वंदीच्या बुडाकडं निघालती! मास्तरांनी कुदळ टाकली आणि धावले. तीन ढांगांवर कासव, पण माणूस धावला! तिला उचलली, छातीशी धरली आणि तिथंच मातीत बसले. डोळं भरलेलं. मारुतीराव म्हणाले, "रडताय व्हय?" "छ्या! घाम हाय." घाम! आम्ही कानटोप्या घालून हिंडत हुतो वो तवा!

संक्रांतीला नीलम आली. दोघांस्नी हातावर घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. "पप्पा, एकदम झकास! बघा, म्हटलं नव्हतं, कासवाला काय कराय लागतंय?" मास्तरांनी हळूच इचारलं, "नीलम… ही जगत्यात किती गं?"

"नीट सांभाळली तर? तीस-चाळीस वर्सं सहज!"

मास्तर साठी उलटलेले. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली. यशोदाबाईंनीबी केली असणार, कारण त्या तिळगूळ वळायच्या थांबल्या. "मग वो?"

"मग काय," मास्तर म्हणाले, "थंडीत तर आता मला मरता यायचं न्हाय. उन्हाळ्यात बघू."