तायाक्काची जीभ अन् खिंडीतली म्हातारी

ऐका रं पोरांनो, शेकोटीजवळ सरका. हसायचं तर हसा, पर मधी उठायचं न्हाई.

आम्हा चार धनगर बायांना सरकारनं चांगथांगात न्हेलं व्हतं, पश्मिन्याच्या शेळ्या दावाय. तिबेटी मेंढक्यांचा मुलूख. झाड न्हाई, झुडूप न्हाई, नुसतं आभाळ! अन् माणसं? लई मायेची! मी पाल्मोच्या तंबूत उतरले. तिनं दारातच जीभ भाईर काढली. म्हणलं, झाली का पंचाईत! तर ती मोडक्या हिंदीत म्हणली, "हितली रीत हाय. काळी जीभ भुताची, लाल माणसाची." मला मेलीला लाज वाटली. मी तोंडाला पदर लावला.

सांजंला कळप आला, तर एक करडू कमी! दोन दिसांचं! पाल्मो धारंला बसलेली. म्हणलं, तायाक्का असताना करडू गारठून मरतंय व्हय? मिशरी लावली, घोंगडं घेतलं, निघाले खिंडीकडं. एकली! घावलं की वो धोंड्याआड. छातीशी धरलं अन् माघारी वळले.

तर मागं पावलं! मी थांबले की तीबी थांबायची. मग हाक, "तायाक्काऽ!" आवाज पाल्मोचा, पर डोंगराच्या पोटातनं! मग म्होरं तंबू, आत उजेड. मी चालले की तंबू मागं सरायचा. आन् करडू गार पडत चाललेलं! एवढ्यात म्हातारी आडवी आली. "दे ते. मी ऊब देते." मराठीत! भुताला काय शाळा लागती?

मी देणारच व्हते. पर बघितलं, माझ्या तोंडातनं वाफ, करडाच्या तोंडातनं वाफ, हिची न्हाईच!

"जीभ दाखव!"

"आधी तुझी."

काढली. मिशरीनं तव्याच्या बुडागत काळी! म्हातारी लटलट कापाय लागली. "आत्याबाई, तुम्ही व्हय? वळखलं न्हाई!" अन् सुटली पळत!

मी हसत तंबूशी आले. "पाल्मो, उघड!"

फटीतनं म्हणली, "जीभ."

काढली. किंकाळी! दार गच्च!

"अगं भूत न्हाई मी! मिशरी हाय ती!" अशी वरडले, खिंडीपतोर ऐकू गेलं. तिथंच चुकलं! मागनं आवाज आला, "भूत न्हाईस व्हय?" अन् पावलं धावत आली!

तेवढ्यात करडू ब्यां करून वरडलं. आतनं त्याच्या आईनं वळखून साद दिली. आईला कोण फसवणार? पाल्मोनं दार उघडलं, मला आत वढलं. निम्मं घोंगडं फाटून भाईर! करडू लुचाय लागलं, अन् आम्ही दोघी गळ्यात पडून हसतोय, रडतोय!

त्यो मुलूख बघाच, बाबांनो. पर दिस बुडाल्यावर त्या खिंडीत पाय टाकू नका. आता ती कुणाची जीभ बघाय थांबायची न्हाई.