दक्षिणेचं अंगण

नारिन शहरात काचवाल्याकडे रांगेत माझ्यापुढे एक तरुण आणि त्याची म्हातारी आई होती.

"आई, दक्षिणेला काचेची पडवी केली की दिवसभर भिंत तापेल. कोळसा निम्म्यावर येईल. काच दोन पदरी घेऊ की तीन?"

"दक्षिणेचं अंगण मोकळं ठेव."

"अगं, ऊन तिथेच आहे. घर उबदार कर म्हणून तूच मागे लागलीस ना?"

"लागले. गुडघे धरतात."

"मग अंगणात काय मेंढ्या नाचवायच्यात?"

"बाबा गेले तेव्हा दफनापर्यंत त्यांना ठेवायला लोकरीच्या नमद्याचा तंबू कुठे उभारला होता, सांजार?"

"तिथेच."

"मग मला कुठे ठेवशील? पडवीत, तापत?"

"असं काय बोलतेस? तुला ऊब हवी की अंगण?"

"दोन्ही."

तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमच्याकडे काय केलंत?"

"पडवीच बांधली. गेल्या महिन्यात आईसाठी तंबू शेजाऱ्यांच्या अंगणात उभारला. त्यांनी आपणहून मधलं कुंपण काढून दिलं."

म्हातारी काचांकडे बघत राहिली.

"आपल्या शेजारी तो तुरगुनबाय. त्याच्याशी मी बोलत नाही."

"माहीत आहे."

"तीन पदरी घे. जाताना त्याच्याकडे थांबू."