म्हावरं बाधलं नव्हतं

मंडळी, मागं उभे आहात त्यांनी पुढं या. सुलोचनाला मी याच शाळेत कविता शिकवल्या. आज तिच्या शोकसभेत बोलायला उभा आहे. खरं तेच बोलणार आहे.

चौथीत असेल. समुद्रावरची कविता चालली होती. मी विचारलं, "समुद्राचा रंग कोणता?" सगळा वर्ग ओरडला, "निळा!" ही उठली. "गुरुजी, कोनचा निळा? आपल्या रेवदंड्याचा मातकट हाय!" अजून दिसतो मला तो वर्ग. खिडकीतून वाळत्या बोंबलांचा वास, आणि कमरेवर हात ठेवून उभी ती. खरं बोलायची तिला भीती नव्हती.

मग अशा पोरीवर खोटं बोलायची वेळ कुणी आणली?

नाक्यावरच्या फलकावर लिहिलंय, 'अल्पशा आजाराने निधन'. जन्मभर शब्द शिकवले मी. हा 'अल्पशा' मी मानत नाही. तिचा नवरा धर्मा समोर बसलाय. सकाळी त्याला विचारलं, "बोलू का रे?" म्हणाला, "बोला गुरुजी. समदं बोला."

तर ऐका. सुलोचनानं शहरात जाऊन पोटाची चरबी काढून घेतली होती. गुपचूप. आता कुजबुज चाललीय, "या वयात नटायची हौस!" होय, होती हौस. का असू नये? आणि मासळी बाजारात "कितवा महिना गं?" विचारून तिला हसणारे कोण होते? परगावचे होते?

घरी आल्यावर ताप चढला. पोटावरची लाली पसरत गेली. जखमेतून घाण वासाचं पाणी येऊ लागलं. दुखणं उतरायचं सोडून वाढत होतं. शहरातल्या त्या दवाखान्यात फोन केला, तर उत्तर आलं, "सूज असतेच. पोटावरचा पट्टा घट्ट बांधा." आणि इथल्या डॉक्टरांना ती काय म्हणाली? "म्हावरं बाधलं." सुलोचनाला! कल्ला उचलून मासा कधीचा ते सांगणारी बाई ती! पण साडीखालचा पट्टा दाखवायचा नव्हता. डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं. धाप लागली, बोलणं भरकटलं, तेव्हा गाडी काढली. अलिबागला पोचेपर्यंत विष रक्तात भिनलं होतं.

बायांनो, करायचं ते करा. बाप्यांनो, तुम्हीही. केस लावून घेऊन टोपीखाली फिरणारे मला ठाऊक आहेत. पण नंतर ताप आला, लाली पसरली, कातडी काळी पडली, वास आला, दुखणं वाढलं, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. दम लागला, छातीत दुखलं, एकच पाय सुजला, भान हरपू लागलं, तर क्षणभरही थांबू नका. आणि डॉक्टरांना आधी सांगा, "मी हे करून घेतलंय." कुणी हसलं तर माझ्याकडे पाठवा. छडी केव्हाच मोडली, जीभ शाबूत आहे.

आता आपण शांत उभे राहू. पण या गर्दीत कुणी असंच दुखणं लपवून बसलं असेल, तर बाई, तू थांबू नकोस. सुलोचना रागावणार नाही. बाहेर रिक्षा उभी आहे. ताठ मानेनं जा.

बाकीच्यांनी उभं राहा. तिला वाट द्या. आणि डोळे मिटा.